वही आपली, धागे आपले : मुक्त स्रोत साधनांची पारख

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव येमाई देवीच्या मंदिरासाठी जितके, तितकेच तमाशाच्या परंपरेसाठी ओळखले जाते. वगनाट्ये आणि लावण्या लिहिणारे, २०१८ सालच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराचे मानकरी बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. कोणत्याही वगलेखकाची खरी इस्टेट म्हणजे त्याची वही. फड बदलला, कलावंत बदलले तरी वही शाबूत असली की वग पुन्हा उभा राहतो. वही हरवली तर मात्र आठवणीवर विसंबण्यापलीकडे उपाय उरत नाही.

गावातून शिरूर, मंचर किंवा पुण्याला संगणकशास्त्र शिकायला जाणाऱ्या मुलामुलींपुढे आज हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. टिपणे ठेवायची कुठे? आणि प्रोसेसरमध्ये चार-चार, आठ-आठ गाभे असताना आपला प्रोग्रॅम त्यांपैकी एकाच गाभ्यावर का रखडतो? वरकरणी या दोन प्रश्नांचा परस्परांशी संबंध नाही. पहिला टिपणवहीच्या सॉफ्टवेअरचा, दुसरा ‘मल्टिथ्रेडिंग’चा, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये कामाचे अनेक धागे एकाच वेळी चालविण्याच्या तंत्राचा. पण दोन्हींसाठी मुक्त स्रोत साधने उपलब्ध आहेत, दोन्हींत निवड चुकली तर महिनोन् महिन्यांची मेहनत वाया जाते, आणि थोडे खोलात गेले की दोन्हींच्या मुळाशी एकच अडचण सापडते.

प्रश्न किमतीचा नव्हे, ताब्याचा

‘मुक्त स्रोत’ म्हणजे फुकट, असा समज आपल्याकडे रूढ आहे. ही साधने बहुधा फुकट मिळतात हे खरे, पण त्यांचे मर्म ते नव्हे. सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर पाहण्याची, बदलण्याची आणि बदललेली प्रत दुसऱ्याला देण्याची मुभा परवान्यानेच दिलेली असते. त्यामुळे मूळ कर्त्याने काम थांबविले तरी दुसरा कोणी ते पुढे नेऊ शकतो. ग्नोम या लिनक्सच्या दर्शनी पटलाबरोबर येणारे ‘टॉमबॉय’ हे टिपणांचे साधन एकेकाळी घरोघर होते. त्याचे काम मंदावले, पण त्याच धर्तीवर दुसऱ्या भाषेत लिहिलेले ‘जीनोट’ पुढे आले आणि जुनी टिपणे वाचता येत राहिली.

बंदिस्त सेवांचा अनुभव याच्या उलट आहे. गुगलची ‘नोटबुक’ ही सेवा २०१२ मध्ये कायमची बंद झाली. लाखोंच्या वापरातील ‘एव्हरनोट’ने डिसेंबर २०२३ पासून मोफत खात्यावर पन्नास टिपणांची मर्यादा घातली. या कंपन्यांनी कायद्याचा भंग केला असे कोणी म्हणणार नाही. दुकान त्यांचे, नियमही त्यांचेच. प्रश्न इतकाच, की आपली वही दुसऱ्याच्या दुकानात का ठेवावी?

मराठी वाचकाला हा धडा खरे तर केव्हाच मिळालेला आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी शिवाजी, किरण, श्रीलिपी यांसारख्या फाँटांत लिहिलेला मजकूर तोच फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी दिसत असे. मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवरही त्या काळी बातमी वाचण्याआधी फाँट उतरवून घ्यावा लागे. हजारो प्रबंध, ग्रामपंचायतींचे ठराव आणि कवितासंग्रहांची हस्तलिखिते आजही अशा फायलींत अडकून पडली आहेत. मजकूर तेथे आहे, पण वाचणारे साधन हातात नाही. म्हणून टिपणवही निवडताना पहिली कसोटी सोपी ठेवावी : हे सॉफ्टवेअर उद्या नाहीसे झाले तर टिपणे साध्या नोटपॅडमध्ये उघडतील काय?

कोणती वही कोणासाठी

या कसोटीला ‘झिम’ सर्वांत सहज उतरते. याप कार्सेनबर्ग यांनी २००५ च्या सुमारास सुरू केलेले हे साधन प्रत्येक टिपण स्वतंत्र साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवते. वहीतील प्रकरण म्हणजे एक फोल्डर, पान म्हणजे एक फाइल. एका पानातून दुसऱ्या पानाकडे दुवा देता येतो. जुन्या, चार जीबी स्मृतीच्या संगणकावरही ते हलके चालते. उणीव म्हणजे मोबाइलसाठी त्याचे स्वतःचे रूप नाही, आणि ज्याचा अर्धा अभ्यास एसटीत मोबाइलवर होतो त्याला ही उणीव निश्चितच जाणवेल.

‘जोप्लिन’ ही उणीव भरून काढते. लॉराँ कोझिक यांनी सुरू केलेले हे साधन विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड अशा सर्व ठिकाणी चालते. टिपणे ‘मार्कडाउन’ या पद्धतीने लिहिली जातात. मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरातच शीर्षक, यादी, ठळक अक्षर यांच्या खुणा करण्याची रीत, जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मांडलेली. मोबाइल आणि संगणक यांतील टिपणांचा मेळ घालताना मजकूर कुलूपबंद करून पाठविण्याची सोयही जोप्लिनमध्ये आहे. मात्र ते टिपणे आपल्या आतील एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवते, त्यामुळे ती साध्या फायलींच्या रूपात हवी असतील तर निर्यात करावी लागतात. शिवाय संगणकावरील त्याचे रूप ‘इलेक्ट्रॉन’वर, म्हणजे एका अख्ख्या ब्राउझरच्या पायावर उभे असल्याने स्मृती भरपूर खाते. ‘लॉगसेक’चेही तसेच. रोजनिशीच्या अंगाने, मुद्द्याखाली मुद्दा लिहिणाऱ्यांना ते आवडते, पण दुसऱ्या हाताने घेतलेल्या संगणकावर त्याचा भार जाणवतो.

या यादीत वयाने ज्येष्ठ आणि ताकदीने बहुधा सर्वश्रेष्ठ म्हणजे ‘ऑर्ग मोड’. ईमॅक्स या संपादकात चालणारे हे साधन २००३ मध्ये कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने स्वतःच्या सोयीसाठी लिहिले. टिपणे, कामांची यादी, तक्ते, तारखा हे सारे साध्या मजकुरात, आणि त्याच पानात प्रोग्रॅमचा तुकडा लिहून तेथल्या तेथे चालविण्याचीही सोय. ईमॅक्सच्या कळांची बाराखडी शिकायला पहिले काही आठवडे मात्र जीव मेटाकुटीला येतो. ज्यांना ते जमते ते सहसा परत फिरत नाहीत. ज्यांना जमत नाही त्यांनी न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही.

‘टिडलीविकी’चा उल्लेख त्याच्या गमतीदार रचनेसाठी करावा लागेल. जेरेमी रस्टन यांनी २००४ मध्ये केलेली ही वही म्हणजे एकच एचटीएमएल फाइल असते. पेनड्राइव्हवर घालावी, कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडावी. इंटरनेट कॅफेच्या काळात ही कल्पना अद्भुत वाटे. पण ब्राउझर आपल्या संगणकावरील फाइल परस्पर बदलू देत नसल्याने जतन करण्यासाठी वेगळी तजवीज करावी लागते. ‘ऑब्सिडियन’ हे लोकप्रिय साधन या तुलनेत बसत नाही. ते वैयक्तिक वापरासाठी मोफत आहे, टिपणेही साध्या मार्कडाउन फायलींत ठेवते, पण त्याचा स्रोत मुक्त नाही.

‘पाणी’ शोधले, ‘पुणे’ सापडले

मराठीत टिपणे काढणाऱ्याने आणखी एक परीक्षा घ्यायला हवी, आणि ती परदेशी परीक्षणांत कुठेच नसते. ती म्हणजे शोधाची. अनेक आधुनिक साधने मजकूर शोधण्यासाठी एसक्यूलाइटमधील शोधयंत्रणेवर विसंबतात. तिच्या ‘एफटीएस ५’ या आवृत्तीच्या मूळ मांडणीत अक्षरे आणि अंक हेच शब्दाचे घटक मानले जातात. काना, मात्रा, वेलांटी, उकार ही युनिकोडच्या वर्गवारीत ‘अक्षरे’ नसून ‘खुणा’ आहेत. परिणामी यंत्रणा त्यांना शब्द तोडणारी चिन्हे समजते. ‘पाणी’ या शब्दाचे उरते काय, तर ‘प’ आणि ‘ण’. ‘पुणे’ या शब्दाचेही तेच. त्यामुळे पाणी शोधले की पुणे हाती लागते. पुण्याला जाणाऱ्या पाण्यावरून जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा जुना वाद पाहता या योगायोगावर कोणी हसेल, पण परीक्षेच्या आदल्या रात्री टिपण शोधणाऱ्याला हसू येणार नाही. यावर उपाय आहे. मांडणीत खुणांचे वर्ग शब्दात धरण्याची सूचना करता येते, किंवा २०२० मध्ये आलेली तीन-तीन चिन्हांच्या तुकड्यांनी शोधण्याची पद्धत वापरता येते. पण ते काम सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने करायचे असते. स्रोत मुक्त असेल तर निदान कोणी मराठी विद्यार्थी ते करून मूळ प्रकल्पाकडे पाठवू तरी शकतो.

दुसरी मेख अक्षरांतच आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी, आणि अनेक कळफलकांवर अजूनही, ‘अ’ वर चंद्रकोर देऊन ‘अॅ’ असे लिहिले जाते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते दोन वेगळे मजकूर आहेत. एका पद्धतीने लिहिलेले ‘ॲप’ दुसऱ्या पद्धतीने शोधले तर सापडत नाही. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील आडव्या रफाराचेही असेच. तो दोन प्रकारे टंकता येतो, डोळ्यांना फरक कळत नाही आणि शोध रिकाम्या हाताने परततो. सबब एकच कळफलक धरावा आणि तोच सर्व उपकरणांवर वापरावा. नवे साधन घेताना ‘पाणी’, ‘पुणे’, ‘ॲप’ आणि ‘शेतकऱ्यांना’ असे चार शब्द चार टिपणांत लिहून शोधून पाहावेत. दहा मिनिटांत साधनाची पत कळते.

एकाच कणगीतले धान्य

आता धाग्यांकडे वळू. २००४-०५ पर्यंत प्रोसेसरचा वेग दरवर्षी वाढत होता. जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर आपोआप वेगाने पळे. पुढे उष्णतेमुळे ही वाढ अडली आणि कंपन्यांनी एकाच चकतीवर दोन, चार, आठ गाभे बसवायला सुरुवात केली. पण एका धाग्याचा प्रोग्रॅम एकाच गाभ्यावर चालतो, बाकीचे गाभे नुसते पाहत बसतात. कामाचे तुकडे करून ते धाग्यांना वाटून देणे ही जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर आली.

चालू प्रोग्रॅम म्हणजे एक घर मानले, तर धागे म्हणजे त्या घरातील माणसे. प्रत्येकजण आपापले काम करतो, पण कणगी सर्वांची एक. कणगी सामायिक असल्याने देवाणघेवाण झटपट होते, आणि भांडणेही तिथेच होतात. दूध संकलन केंद्राचे उदाहरण घ्यावे. खतावणीत ४८० लिटर जमा आहे. एका खिडकीवर १२ लिटर आले, दुसऱ्या खिडकीवर त्याच क्षणी ८ लिटर. दोन्ही कारकुनांनी ४८० हा आकडा वाचला. पहिल्याने बेरीज करून ४९२ लिहिले, दुसऱ्याने त्यावर ४८८ लिहिले. जमा हवी होती ५००. बारा लिटर दूध हिशेबातून नाहीसे झाले आणि दोघांचीही बेरीज बरोबर. संगणकशास्त्रात याला ‘रेस कंडिशन’, धाग्यांची शर्यत म्हणतात. ती नेमकी कधी घडेल हे सांगता येत नाही. शंभर वेळा प्रोग्रॅम बरोबर चालतो आणि एकशे एकाव्या वेळी चुकतो.

ही पुस्तकी भीती नव्हे. ‘थेराक-२५’ या कर्करोगावरील किरणोपचार यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये अशाच शर्यतीचे दोष होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात किमान सहा रुग्णांना त्यामुळे भयंकर प्रमाणात किरणोत्सर्ग मिळाला, त्यांतील काही दगावले. ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले, तेव्हा ओहायोतील वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारी यंत्रणा धाग्यांच्या शर्यतीमुळेच गप्प झाली होती.

उपाय म्हणून खतावणीला कुलूप लावतात, एका वेळी एकानेच ती उघडायची. पण कुलपे वाढली की दुसरे संकट येते. एका भावाकडे मोटारीच्या खोलीची किल्ली आहे आणि तो पाइप मिळण्याची वाट पाहतो आहे, दुसऱ्याकडे पाइप आहेत आणि तो किल्लीची वाट पाहतो आहे. दोघेही हटत नाहीत, आणि पाण्याची पाळी निघून जाते. यालाच ‘डेडलॉक’ म्हणतात.

धागे वाढविले की वेग त्याच प्रमाणात वाढतो, हाही भ्रम. एका माणसाला दहा तास लागणारे कांद्याचे काम आहे असे समजा. त्यातील नऊ तास काटणी-भरणीचे, एक तास वजनकाट्यावरचा. काटणीला नऊ माणसे लावली तर नऊ तासांचे काम एका तासात होईल, पण काटा एकच. एकूण दोन तास. माणसे नऊपट आणि वेग पाचपट. माणसे कितीही वाढविली तरी दहापटीपलीकडे जाता येत नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम तो हाच.

खोडदचे धागे

या तंत्राचे थोर उदाहरण पाहायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. कवठे येमाईच्या वायव्येला, जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, अर्थात जीएमआरटी, ही डॉ. गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नांतून साकारलेली रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतील चौदा मध्यभागी, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन शाखांवर, अंतरे २५ किलोमीटरपर्यंत. आकाशातून येणारा संदेश प्रत्येक तबकडी टिपते आणि मग प्रत्येक तबकडीच्या नोंदीचा बाकी प्रत्येकीच्या नोंदीशी मेळ घालावा लागतो. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५.

हा मेळ पूर्वी खास बनविलेल्या चिपांवर घातला जाई. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात तेथील शास्त्रज्ञांनी हेच काम बाजारात मिळणाऱ्या साध्या संगणकांवर, लिनक्सच्या आधारे आणि तेही प्रत्यक्ष निरीक्षण चालू असतानाच कसे करून दाखविले याचे वर्णन आहे. ४८ संगणकांचा समूह, ३२ तबकड्यांची क्षमता, ३३ मेगाहर्ट्झचा पट्टा. एवढा पट्टा नोंदवायचा तर एकेका वाहिनीवर सेकंदाला किमान ६.६ कोटी नमुने घ्यावे लागतात. संगणक थकला म्हणून आकाश थांबत नाही, मागे पडलेला नमुना गेला तो गेलाच. म्हणून प्रत्येक संगणकाच्या आत काम धाग्यांत वाटलेले आणि प्रत्येक धाग्याचा मजकूर प्रोसेसरच्या अगदी जवळच्या छोट्या स्मृतीत मावेल असा बेतलेला. दुर्बिणीच्या सुधारित अवतारात पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला आणि मेळ घालण्याचे काम ग्राफिक्स प्रोसेसरांवर गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झालेल्या तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांपैकी पुण्यातील संगणक जीएमआरटीच्या कामासाठीच आहे. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ तयार केला तेव्हापासून या जिल्ह्यात समांतर संगणनाची परंपरा आहे, हे येथील विद्यार्थ्यांना पुष्कळदा ठाऊकच नसते.

धाग्यांची अवजारे

मुळातून शिकायचे तर ‘पीथ्रेड्स’. १९९५ मध्ये प्रमाणित झालेली ही सी भाषेतील पद्धत लिनक्सवर आयती मिळते. धागा निर्माण करणे, कुलूप लावणे, काढणे, धागा परतण्याची वाट पाहणे हे सारे हाताने करावे लागते. चुकांना वाव भरपूर, म्हणूनच शिकायला उत्तम. रोजच्या कामासाठी मात्र ते शिक्षाच ठरते.

गणिती कामासाठी ‘ओपनएमपी’ला तोड नाही. पहिले प्रमाण १९९७ मध्ये फोरट्रानसाठी आणि पुढच्या वर्षी सीसाठी आले. जीसीसी या मुक्त संकलकात ते २००७ पासून आहे. चालू प्रोग्रॅममधील लूपच्या डोक्यावर एक ओळ लिहायची, की संकलक त्या लूपच्या फेऱ्या उपलब्ध गाभ्यांत वाटून देतो. दूध केंद्राच्या खतावणीसारखी सामायिक बेरीज असेल तर तेही त्याच ओळीत सांगता येते. मग प्रत्येक धागा आपली वेगळी बेरीज करतो आणि शेवटी त्या एकत्र केल्या जातात. ही ओळ न समजणाऱ्या संकलकाने ती दुर्लक्षिली तरी प्रोग्रॅम पूर्वीसारखा एका धाग्यावर चालतो. मात्र बेरीज सामायिक आहे हे सांगायला विसरले तर संकलक हटकत नाही, चुकीचे उत्तर तत्परतेने देतो.

सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून धागे भाषेतच आले. इंटेलने २००६ मध्ये आणलेले आणि पुढच्याच वर्षी मुक्त केलेले ‘टीबीबी’ ग्रंथालय त्याच्या एक पायरी वर आहे. त्यात धागे मोजायचे नसतात, कामे सांगायची असतात. ज्या धाग्याचे काम आधी संपते तो दुसऱ्याच्या रांगेतील काम उचलतो. कामाचे तुकडे लहानमोठे असतील तेथे हे फार उपयोगी पडते.

एकाच वेळी हजारो ग्राहकांशी बोलणाऱ्या सर्व्हरसाठी गुगलने २००९ मध्ये जाहीर केलेली ‘गो’ भाषा सोयीची. तिचे ‘गोरुटीन’ हे हलके धागे अवघ्या दोन किलोबाइट स्मृतीत सुरू होतात, आणि सामायिक कणगीऐवजी एकमेकांना निरोप पाठवून काम करण्याकडे भाषेचा कल आहे. जावानेही सप्टेंबर २०२३ मधील २१ व्या आवृत्तीत असेच हलके धागे पक्के केले. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या ‘रस्ट’चा खाक्या वेगळा. कोणत्या मजकुराचा मालक कोण, हे ती आधीच विचारते आणि दोन धागे एकच मजकूर बेलगाम बदलण्याची शक्यता दिसली तर प्रोग्रॅम तयारच करू देत नाही. डेडलॉक मात्र तीही रोखत नाही. नवशिक्याला ती खाष्ट सासूसारखी वाटते, पण मोठ्या कामात हाच खाष्टपणा वेळ वाचवितो.

महाविद्यालयांत सर्वाधिक शिकविल्या जाणाऱ्या पायथॉनची गोष्ट चमत्कारिक आहे. तिच्यात धागे आहेत, पण प्रचलित आवृत्तीत एक सार्वत्रिक कुलूप असल्याने एका वेळी एकच धागा पायथॉनच्या आज्ञा चालवू शकतो. जाळ्यावरून माहिती येण्याची वाट पाहण्याच्या कामात त्याने बिघडत नाही, आकडेमोडीत मात्र चार धागे लावूनही वेग वाढत नाही आणि विद्यार्थी स्वतःलाच दोष देत बसतो. हे कुलूप काढलेली आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रयोग म्हणून आली, ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ आवृत्तीत तिला अधिकृत पाठबळ मिळाले. तरी नेहमीच्या स्थापनेत जुनीच पद्धत येते, नवी मागून घ्यावी लागते.

चूक पकडण्याची अवजारेही मुक्तच आहेत. व्हॅलग्रिंडमधील ‘हेलग्रिंड’ प्रोग्रॅमला स्वतःच्या देखरेखीखाली चालवून शर्यत आणि कुलपांचा उलटसुलट क्रम दाखविते, पण प्रोग्रॅम जवळपास शंभरपट मंदावतो. जीसीसी व क्लँग यांतील ‘थ्रेडसॅनिटायझर’ साधारण पाच ते पंधरापट मंदपणात काम भागविते, पण स्मृती बरीच मागते. ‘गो’मधील शर्यत-शोधक याच्याच पायावर उभा आहे. ज्या महाविद्यालयांत धागे शिकवितात पण ही अवजारे दाखवीत नाहीत, तेथे निम्मेच शिकविले जाते असे म्हणणे भाग आहे.

शेतातला मोबाइल, घरातला संगणक

दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी असलेली अडचण ती येथे दिसते. विद्यार्थ्याने दुपारी शेतावर, रेंज नसताना, मोबाइलवर एक टिपण दुरुस्त केले. तेच टिपण त्याच्या बहिणीने घरी संगणकावर बदलले. संध्याकाळी दोन्ही उपकरणे जाळ्यावर आली. आता खरे कोणते? हे टिपण म्हणजे दूध केंद्राची खतावणीच. साधन अडाणी असेल तर नंतर आलेला मजकूर आधीच्यावर निमूटपणे लिहिला जातो.

जोप्लिन अशा वेळी उपकरणावरील बदल ‘संघर्ष’ अशा अर्थाच्या वेगळ्या वहीत ठेवून बाहेरून आलेली प्रत जागेवर आणते. काहीच हरवत नाही, पण त्या वहीत डोकावण्याची सवय हवी. झिम किंवा ऑर्गच्या फायली ‘सिंकथिंग’ या मुक्त साधनाने उपकरणांत फिरविल्या तर संघर्षाची प्रत निराळ्या नावाने बाजूला ठेवली जाते. ‘गिट’ वापरणाऱ्याला कोणत्या ओळीत मतभेद आहे तेच दाखविले जाते आणि निर्णय माणसावर सोपविला जातो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने टिपणेही गिटमध्येच ठेवावीत, कारण प्रोग्रॅम आणि त्याविषयीचे टिपण बरोबरीने जुने-नवे होत जातात.

टिपण आणि प्रोग्रॅम एकाच पानावर हवे असतील तर ऑर्ग मोडखेरीज ‘ज्युपिटर’ हा पर्याय आहे. धाग्यांची संख्या एक, दोन, चार अशी वाढवीत लागलेला वेळ त्याच पानावर नोंदवला की अॅमडालचा नियम पाठ करावा लागत नाही. मात्र ज्युपिटरची फाइल साध्या मजकुरासारखी वाचायला अवघड, आणि गिटमध्ये तिचे दोन अवतार जुळविणे हे डोकेदुखीचे काम. दीर्घकाळ जपायची टिपणे तिच्यात ठेवू नयेत.

चार जीबी स्मृतीचा जुना संगणक, त्यावर लिनक्स, टिपणांसाठी झिम, प्रोग्रॅमसाठी जीसीसी व ओपनएमपी, तपासणीसाठी थ्रेडसॅनिटायझर, इतके साहित्य सुरुवातीला पुरते. मोबाइल अपरिहार्य असेल तर झिमऐवजी जोप्लिन, आणि महिन्यातून एकदा मार्कडाउन निर्यात करून पेनड्राइव्हवर प्रत. लिनक्स, सी, पायथॉन यांचे प्राथमिक पाठ मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठी निवेदनासह मोफत उपलब्ध आहेत. ते एकदा उतरवून घेतले की जाळे नसतानाही पाहता येतात. धाग्यांची प्रत्यक्ष करामत पाहायची असेल, तर राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने फेब्रुवारीअखेर खोडदची दुर्बीण सहसा सर्वांसाठी खुली असते, आणि शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी तेथे स्वतः केलेले प्रयोगही मांडतात.